कूलरमधलं पाणी

देवानंद कोडापे परत आला तेव्हा
कायरचा पारा सेहेचाळीसवर होता
आणि माझी बोअरची गाडी जब्बार मिस्त्रीच्या दारात
तीन दिवस पोट उघडून पडलेली.

हाच तो पोरगा. वणीहून आयटीआय करून माझ्याकडे लागला.
रॉड जोडायचा. हॅमरचा आवाज ऐकून सांगायचा,
"भाऊ, काळी सरली, मुरूम लागला."
मग चिमूटभर धुरळा जिभेवर ठेवून, "आता चुनखडी."
पुढे कोळशाच्या शोधावर गेला,
मग गोव्याहून कागद आला,
मग अशा ठिकाणी गेला जिथून मिस कॉलसुद्धा येत नाही.

बाजेवर बसून सांगत होता.
बारा देशांची माणसं, पट्ट्यावर चालणारे सहा ट्रॅक्टर,
मागे घसरगाड्यांवर घरं : चूल, डिझेल, निजायच्या पेट्या.
सगळ्यात पुढच्या ट्रॅक्टरला लांब दांडी, दांडीला रडार,
खाली भेग आहे का, हुंगत जाणारं.
दोन महिने नुसतं पांढरं.
आणि सूर्य मावळायचं नाव घेईना,
घाण्याच्या बैलासारखा डोक्याभोवती फिरत राहिला.

मी विचारलं, "किती फूट?"
"नऊ हजार सातशे."
मी खर्रा थुंकून आलो.
आमच्याकडे तीनशेच्या पुढे घरधनी देव पाण्यात घालतो,
आणि पाणी नाही लागलं तर देवही कोरडे.
"केसिंग?"
"नाई ना भाऊ. तेल भरून ठेवा लागते,
नाईतर बर्फ हळूहळू सरकते अन् भोक बुजवून टाकते.
जखम भरते, तसं."

यावर मी बराच वेळ काही बोललो नाही.
बत्तीस वर्षांत मी पाडलेली भोकं
माहूरपासून वरोऱ्यापर्यंत
उघडीच आहेत.

मोटरचा सूर बदलला की नॉर्वेची सिग्रिड
आधी आकड्यांकडे बघायची, मग याच्याकडे.
एकदा बर्फाच्या कांडीत राखेची रेघ निघाली, नखाएवढी,
कुठल्या तरी डोंगराची, माणसानं शेत नांगरायच्या आधीची.
सवयीनं याची जीभ बाहेर आली
आणि सिग्रिडनं मनगट धरलं.
"सगळा तंबू हासला, भाऊ. जपानीबी."

मग पिशवीतून औषधाची बाटली काढली.
नमुन्यातून उरलेला चुरा, वितळलेला.
वीस हजार वर्षांपूर्वी पडलेलं पाणी म्हणे.
गुणाजी पाणाड्या मुद्दाम बघायला आला.
तळहातावर नारळ ठेवून बाटलीवरून तीनदा फिरवला.
नारळ ढिम्म.
"लय जुनं हाय. याची ओढ गेली,"
एवढं बोलून चहा पिऊन गेला.

संध्याकाळी ओटा आवरताना
कांतानं ती बाटली कूलरमध्ये रिकामी केली.
टाकी तळाला गेली होती, दुसरं काय करणार ती.

मला वाटलं पोरगा खवळेल.
तो म्हणाला, "जाऊ द्या. त्यातली हवा तठीच उडली.
पेल्यात बर्फ टाकला का तडतड करते,
कोंडलेली हवा सुटते ना, भाऊ.
आम्ही बाराही देशाचे चूप बसून आयकत होतो.
ते होतं. हे नुसतं पानी."

त्या रात्री लाईट गेली नाही, हेच एक नवल.
वाळ्याचा वास, पंख्याची खडखड,
आणि मी डोळे उघडे ठेवून.
तीनच्या सुमारास पायांवर चादर ओढली,
वैशाखात.
कांताला हे अजून सांगितलेलं नाही.

सकाळी जब्बारचा निरोप, गाडी झाली.
शिरपूरला गुणाजीनंच दाखवलेली जागा होती.
"येतो मी रॉड जोडायले," देवानंद म्हणाला,
चार महिन्यांत सोलपटलेल्या नाकाला रुमाल बांधून.

पहिला रॉड गेला. धुरळा उठला.
त्यानं रुमाल खाली केला, जीभ पुढे केली,
क्षणभर थांबला, कोणी मनगट धरतं की काय असा,
मग म्हणाला,
"काळीच हाय अजून. चालू द्या."